‘पांढरे सोने’ आणि प्लॅटिनम

बीड जिल्ह्यात ‘पांढरे सोने’ हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्यापुढे प्रथम कापूस उभा राहतो. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांतील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या या मालाला मिळालेले हे नाव वृत्तपत्रांनी व सभांतील भाषणांनी इतके रूढ केले आहे की, त्यातील रूपक आता कोणाला जाणवतही नाही. सराफाच्या पेढीवर मात्र याच शब्दांचा अर्थ बदलतो. तेथे पांढरे सोने म्हणजे पॅलेडियम, निकेल किंवा चांदी मिसळून ज्याचा पिवळेपणा घालविला आहे असे सोने. आणि याच्याही पुढे जाऊन, प्लॅटिनम ही सर्वस्वी वेगळी धातू दाखवितानादेखील ‘हे पांढरे सोनेच समजा’ असे सांगण्याची प्रवृत्ती आढळते. एक शेतमाल, एक मिश्रधातू आणि एक मूलद्रव्य अशा तीन पदार्थांवर एकच नाव पडले आहे. कापसाचे पैसे गाठीला बांधून अंगठी घ्यावयास आलेल्या माणसाची पहिल्या अर्थाने फसगत होण्याचा संभव नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थांची सरमिसळ मात्र त्याला महागात पडू शकते.

या तीन प्रयोगांत ‘पांढरे’ हे विशेषण एकसारखे काम करीत नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. कापसाच्या बाबतीत विशेषण खरे आणि विशेष्य लाक्षणिक आहे. सोने पांढरे नसते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ‘पांढरे’ हा शब्दच ‘येथे सोने खरे समजू नका’ अशी सूचना देतो. दगडी कोळशाला किंवा खनिज तेलाला ‘काळे सोने’ आणि बांबूला ‘हिरवे सोने’ म्हणतात, तेही याच रीतीने. सराफाच्या मिश्रधातूत विशेषण आणि विशेष्य दोन्ही खरी आहेत. अठरा कॅरटच्या पांढऱ्या सोन्यात हजार भागांत ७५० भाग सोने असतेच. प्लॅटिनमला हे नाव दिले म्हणजे विशेष्य खोटे होते, पण पेढीवर बसलेला ग्राहक ते खरे मानतो. कारण त्या ठिकाणी ‘सोने’ या शब्दाचा लाक्षणिक अर्थ घेण्याचे त्याला काहीच प्रयोजन नसते.

गंमत अशी की, या धातूला नाव देताना युरोपातही अशीच चूक झाली होती, फक्त ती सोन्याऐवजी चांदीच्या बाजूने झाली. दक्षिण अमेरिकेतील नवे ग्रानाडा या स्पॅनिश प्रदेशात, म्हणजे आजच्या कोलंबियात, नदीच्या वाळूत सोन्याच्या कणांबरोबर हे पांढुरके जड कण सापडत. स्पॅनिश भाषेत चांदीला ‘प्लाता’ म्हणतात. तिला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘प्लातिना’, म्हणजे जराशी, दुय्यम प्रतीची चांदी, असे नाव पडले. अंतोन्यो दे उल्योआ याच्या १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तातून ते युरोपभर गेले. मराठीत ‘रुपे’ या शब्दावरून कोणी ‘रुपुले’ असा शब्द बनविला असता, तर त्यात जो किंचित तुच्छतेचा सूर आला असता तोच मूळ नावात आहे. मराठीने ‘प्लॅटिनम’ हा शब्द जसाच्या तसा घेतला आणि मराठी विश्वकोशातील नोंदही त्याच नावाने आहे. संस्कृत धातूंवरून घडविलेले पर्यायी शब्द या क्षेत्रात रुजले नाहीत, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

तथापि मराठीत धातूचे नाव सहसा एकटे नांदत नाही. त्याच्याबरोबर एक कुटुंब असते. सुवर्णकारापासून सोनार, लोहकारापासून लोहार, कांस्यकारापासून कासार हे शब्द आले. बीड जिल्ह्यातील ‘शिरूर कासार’ या तालुक्याच्या नावात तर हा व्यवसायवाचक शब्द कायमचा वसला आहे. प्लॅटिनमला असा कारागीर नाही आणि त्याची क्रियापदे नाहीत. याचे कारण भाषेच्या दुबळेपणात नसून त्या धातूच्या गुणधर्मांत आहे.

सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. शेगडीतील कोळसा फुंकणीने फुलवून सोनार हे तापमान गाठू शकतो. मूस, टाकणखार आणि सरावलेला हात एवढ्यावर काम भागते. प्लॅटिनमचा द्रवणांक १७६८ अंश आहे. कोळशाची शेगडी तेथवर पोचत नाही, आणि तापलेल्या अवस्थेत कार्बनचा संसर्ग झाल्यास ही धातू ठिसूळ होण्याचा धोका असतो. लाव्हाझिएला १७८२ मध्ये ती वितळविता आली ती शुद्ध ऑक्सिजनचा झोत वापरल्यामुळे. आजही तिच्यासाठी ऑक्सिजनची ज्वाला अथवा विजेची प्रवर्तन भट्टी लागते.

येथे ‘मोडणे’ या क्रियापदाकडे लक्ष दिले पाहिजे. मराठीत दागिना ‘विकणे’ आणि ‘मोडणे’ या एक गोष्टी नव्हेत. मोडणे म्हणजे घडण सोडून देऊन केवळ धातूच्या वजनावर व कसावर पैसे घेणे. त्यात दागिना आटविला जाणार हे गृहीत आहे. पेरणीच्या तोंडाशी, दुखण्याखुपण्यात किंवा ऊसतोडीची उचल फेडताना ज्या घरांना दागिन्याचा आधार असतो, त्यांचा तो आधार या क्रियापदावर उभा आहे. पिवळ्या सोन्याची मोड कोणत्याही बाजारपेठेच्या गावी होते. प्लॅटिनमचा दागिना मात्र जेथे आटविता येत नाही व जेथे त्याची पारख करण्याचे साधन नाही, तेथे त्याला मोडीचा भाव नीट येत नाही. मुळात विकणाऱ्या पेढीकडेच तो परत न्यावा लागतो. २०१५ नंतर प्लॅटिनमचा भाव सोन्याच्या खालीच राहिला आहे, ही गोष्टही ‘सोन्याहून दुर्मिळ म्हणून सोन्याहून मोलाचे’ असे ऐकविणाऱ्याला विचारण्याजोगी आहे. वर्षाला खाणींतून निघणारे प्लॅटिनम दोनशे टनांहून कमी व सोने तीन हजार टनांहून अधिक असते हे खरे. परंतु दुर्मिळता आणि मोडीचा भाव या वेगळ्या गोष्टी आहेत.

पारखीची परिभाषादेखील सोन्यासाठीच घडलेली आहे. ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यावरून कस, कसोटी, निकष. ‘हीन’ व ‘कस’ मिळून हिणकस झाले. उत्तम सोने ते बावनकशी. हाच कस पुढे जमिनीत उतरला आणि शेतकरी रान ‘कसदार’ आहे असे म्हणू लागला. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासून त्या रेघेवर नायट्रिक आम्ल लावले असता तांबे व चांदी विरघळतात आणि सोने उरते. प्लॅटिनमची करडी-पांढरी रेघही या आम्लाला दाद देत नाही. ती विरघळण्यास अम्लराज, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, लागते आणि तेही गरम असावे लागते. तेव्हा नेहमीच्या कसोटीची रेघ येथे जुन्या अर्थाने बोलत नाही.

वजन मात्र बोलते. प्लॅटिनमची घनता २१·४५, म्हणजे शुद्ध सोन्याच्या १९·३ पेक्षाही जास्त. अठरा कॅरटच्या पांढऱ्या सोन्याची पाच ग्रॅमची अंगठी त्याच आकारात ९५० शुद्धतेच्या प्लॅटिनमची केली, तर ती साडेसहा ग्रॅमच्या घरात जाते. दुसरी खूण काळच दाखवितो. पांढऱ्या सोन्यात पिवळसर झाक राहतेच, म्हणून त्यावर ऱ्होडियमचा अतिपातळ थर चढवितात. बाजारात त्याला ‘पॉलिश’ म्हणतात. वस्तुतः तो मुलामा होय, आणि अरबीतून आलेला हा जुना, नेमका शब्द टाकून देण्याचे कारण दिसत नाही. हा थर वापराने झिजतो व खालची पिवळट छटा वर येते. प्लॅटिनमवर ओरखडे उठतात, चकाकी मंदावते, पण आतून दुसरा रंग निघत नाही, कारण आतबाहेर धातू एकच असते. पावतीवर ‘पांढरे सोने’ एवढेच न लिहिता धातूचे नाव व हजारातील भाग, म्हणजे ‘सोने ७५०’ किंवा ‘प्लॅटिनम ९५०’, असे लिहिले असल्यास शब्दाचा घोटाळा तेथेच मिटतो.

दागिन्यांपलीकडे या धातूचे उपयोग तिच्या निर्विकारपणातून निघतात. ती स्वतः न बदलता इतर द्रव्यांच्या विक्रिया घडवून आणते. मोटारीच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या उत्प्रेरकात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम असतात. तिच्या एका संयुगाचा पेशीविभाजनावरील परिणाम बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर प्रयोग करताना आढळला व तो १९६५ साली प्रसिद्ध झाला; ‘सिस्प्लॅटिन’ हे कर्करोगावरील औषध त्यातूनच आले.

कापसाच्या रानापर्यंतही ही धातू आडवाटेने पोचते. नायट्रिक आम्ल तयार करताना अमोनिया व हवा यांचे मिश्रण सुमारे ९०० अंश तापलेल्या प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीतून नेतात. ही रीत ऑस्टवाल्डची, १९०२ सालची. तुर्भे येथे तयार होणाऱ्या ‘सुफला’ खताला हे आम्ल लागते. युरियाला ते लागत नाही, म्हणून सर्वच खतांविषयी असे विधान करता येणार नाही. उलट बाजूने पाहिल्यास, कापसाशी स्पर्धा करणाऱ्या व्हिस्कोज रेयॉनचा धागा ज्या सूक्ष्म छिद्रांतून निघतो, ती टोपणे सोने व प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूची करीत आले आहेत. अल्कली आणि आम्ल या दोहोंना ती पुरून उरतात.

कापूस क्विंटलावर विकला जातो आणि अंगठी ग्रॅमवर. या दोन्ही मापांचा आधार २० मे २०१९ पर्यंत प्लॅटिनमच होता. पॅरिसजवळ ठेवलेल्या ९० भाग प्लॅटिनम व १० भाग इरिडियम यांच्या दंडगोलावर १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम ठरत असे. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. दरम्यान सराफीतल्या ‘तोळा’ या शब्दाने आपले जुने ११·६६ ग्रॅम सोडून देऊन दहा ग्रॅमचा अर्थ धारण केला. उच्चार तोच राहिला, वजन बदलले.