गरम वडा, गार चेहरा

रविवारची संध्याकाळ म्हणजे घरच्या गॅसला सुट्टी, हे आता आपल्याकडे ठरूनच गेले आहे. धायरीत राहणाऱ्यांना तर त्यासाठी लांब जायलाही नको. पूर्वी हे शेतीवाडीचे गाव, धारेश्वराचे गाव. आता सोसायट्या झाल्या, 2017 साली गावाचा राहिलेला भागही पुणे महापालिकेत आला. फाट्यावर उभे राहिले की वडापाव, डोसा, पावभाजी, बर्गर, म्हणाल ते हजर! पैसे द्या, कूपन घ्या, पाच मिनिटांत पदार्थ हातात. त्यातच सुट्टीच्या दिवशी सिंहगड-खडकवासल्याहून परतणाऱ्यांची भर.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. दोन दुकानांत वडा तोच, चटणी तीच, भावही तोच. तरी एका ठिकाणी आपण पुन्हा पुन्हा जातो आणि दुसऱ्याकडे बघून म्हणतो, "नको बाई तिथं, तो काउंटरवरचा मुलगा नुसता अंगावर येतो!" म्हणजे आपले समाधान काही फक्त जिभेवर अवलंबून नसते. देणाऱ्याचा चेहराही आपण खात असतो, म्हणा ना! मग तो चेहरा असा का होतो, याचा थोडा विचार करू या.

मधल्यामध्ये सापडलेला

काउंटरवरच्या माणसाची अवस्था सासू आणि नवरा यांच्या मधोमध सापडलेल्या सुनेसारखी असते. आतून आचारी ओरडतो, बाहेरून गिऱ्हाईक ओरडते, आणि गल्ल्यावरून मालकाचा डोळा असतोच. डोसा उशिरा होतो तो आत. बोलणी मात्र खातो बाहेरचा.

विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1940 नंतरच्या दशकात शिकागोमधल्या उपाहारगृहांचा बारकाईने अभ्यास केला. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या काही मुलींना रडू कोसळते, काहींना नाही. असे का, हा त्याचा प्रश्न होता. त्याला दिसले ते असे: ज्या मुली गिऱ्हाइकाच्या हाकेची वाट न पाहता आपणच पुढे होऊन "आलेच हं, दोन मिनिटं" असे सांगून मोकळ्या होत, त्या टिकाव धरत. ज्या नुसत्या हाकेला धावत, त्या दमून जात. वरिष्ठ माणूस पाठीशी उभा राहतो की नाही, यावरही बरेच अवलंबून होते.

दुसरी गोष्ट त्याने पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी. वाढणाऱ्या मुलीने आचाऱ्याला तोंडी हुकूम सोडला की त्याचा मान दुखावे आणि भांडण जुंपे. तीच मागणी चिठ्ठीवर लिहून टाचून ठेवली की तंटा कमी! कोणी कोणाला हुकूम दिला असे वाटत नाही, नंबर चुकत नाही आणि विसरायलाही होत नाही. आपल्या फाट्यावरचे कूपन हेच काम करते. ते पैशांच्या हिशेबासाठी असते खरे, पण आतल्या-बाहेरच्या माणसांतली कुरबुरही तेच थोपवून धरते.

हसण्याचेही कष्ट असतात

1996 साली दिल्ली-मुंबईत मॅकडोनल्ड्स आले, आणि टोपी घातलेल्या, हसून स्वागत करणाऱ्या मुलामुलींचा काउंटर आपल्याला परिचयाचा झाला. पण हसणे हा कामाचाच भाग झाला की ते सोपे राहत नाही. अर्ली हॉकशील्ड या अमेरिकन विदुषीने 1983 साली विमानातल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिले आणि या कष्टांना नाव दिले: भावनिक श्रम. पाय दुखत असोत, घरी आई आजारी असो, चेहरा प्रसन्नच हवा. मनात एक आणि चेहऱ्यावर एक, असे तासन् तास करणारा माणूस आतून थकतो.

आपल्याला हे काही नवीन नाही! डोके ठणकत असताना आलेल्या पाहुण्यांना "बसा ना, जेवूनच जा" म्हणणारी बाई हे श्रम रोजच करते. फरक इतकाच, की आपल्याला दार लावून घटकाभर पडता येते. काउंटरवरच्या मुलीला नाही. कित्येकींना तर बसायलाही स्टूल नसते. केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यासाठीच लढा दिला आणि 2018 साली तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूने 2021 साली तेच केले.

धंदा तुमचा असेल तर

आपल्यापैकी अनेकींचे पोळी-भाजी केंद्र असते, घरच्यांचे स्नॅक्स सेंटर असते. त्यांनी हे जरूर वाचावे. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी 1994 साली एक साखळी मांडून दाखवली: नोकर समाधानी तर तो टिकतो, टिकलेल्या हाताला कामाची सवय असते, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन परत येते आणि नफा होतो. म्हणजे नफ्याची सुरुवात गल्ल्यापासून नव्हे, नोकरापासून!

तेव्हा गर्दी सुरू होण्याआधी माणसांना पोटभर खाऊ घाला. आठवड्याची सुट्टी बुडवू नका. एक स्टूल ठेवा. चुकलेली प्लेट विचारल्याशिवाय बदलून देण्याची मुभा काउंटरवरच्या माणसाला द्या, आणि गिऱ्हाइकासमोर त्याला कधीही झापू नका. अजून एक, चौदा वर्षांखालचा 'पोऱ्या' कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. हॉटेलांत 2006 सालापासूनच त्याला बंदी आहे.

आणि आपण?

पैसे आपण मोजतो, तेव्हा चांगले मागण्याचा हक्क आपला आहेच. पण तो बजावायचीही एक रीत आहे.

1. रांगेत असतानाच काय घ्यायचे ते ठरवा. काउंटरशी पोचल्यावर "अगं, तुला काय हवं?" सुरू झाले की मागची रांग चिडते, आणि तो राग त्या मुलावर निघतो.

2. ऑर्डर देताना मोबाइल कानाचा काढा.

3. पदार्थ चुकला तर लगेच, नेमके सांगा: "साधा डोसा सांगितला होता, मसाला आलाय, बदलून द्या." शिळे किंवा आंबलेले असेल तर भिडेखातर खाऊ नका. मात्र तक्रार ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्याकडे, म्हणजे मालकाकडे करा.

4. "ए, इकडे ये" ऐवजी "दादा", "ताई" म्हणा. फुकटचे आहे, पण लागू पडते.

5. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले असेल तर ते काढायला सांगता येते. 2022 च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत आणि 2025 साली दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. बक्षिसी खुशीने द्यायची असेल तर वाढणाऱ्याच्या हातात द्या.

6. मुलांदेखत कोणाचा पाणउतारा करू नका. मुले वड्याबरोबर तेही उचलतात.

शेवटी एवढेच लक्षात ठेवा, की आज शिकता शिकता कमावणारी कितीतरी मुले अशा काउंटरमागे उभी आहेत. उद्या आपलीही मुलगी कॉलेज सांभाळून संध्याकाळी चार तास तिथे उभी राहील. घरी आल्यावर ती पहिल्यांदा पगाराचे नाही सांगणार. आज कोण कसे बोलले, ते सांगेल. येत्या रविवारी फाट्यावर गेलात की कूपन पुढे करताना त्या मुलाकडे बघून एक वाक्य बोला, "गर्दी फार आहे हो आज, होऊ दे सावकाश." वडा तेवढ्याच वेळात येईल, पण चेहरा तेवढा गार राहणार नाही.