ओझे कोणी ओढायचे?

सायकलरिक्षा, तिचा चालक आणि दोन प्रवासी मिळून साधारण 250 किलो वजन होते. शंभर मीटरला दोन मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ते ताशी 6 किलोमीटर वेगाने न्यायचे, तर माझ्या हिशेबाने सुमारे 120 वॉट शक्ती लागते. धडधाकट माणूस बराच वेळ देऊ शकतो ती 75 वॉटच्या आसपास. उरलेली तूट चालकाची छाती आणि गुडघे भरून काढतात.

ही तूट विजेने भरून काढण्याचे काम आपल्याकडे फलटणला झाले. 1981 साली अमेरिकेतून परतलेले डॉ. अनिल राजवंशी यांनी तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत सायकलरिक्षाची नव्याने आखणी केली. एक सुधारित पायडलची, दुसरी पायडलला मोटारची जोड असलेली आणि तिसरी पूर्णपणे बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’. 2002 साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी हे काम मांडले.

अशा वाहनाला लहान मोटार पुरते, कारण त्याचा वेग कमी असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. ताशी 25 किलोमीटरपर्यंत थांबायचे ठरवले, तर एक अश्वशक्तीच्या आसपास काम भागते. मोटार लहान, म्हणून बॅटरी लहान आणि वाहनही हलके.

कायद्यात मात्र ई-रिक्षाला वेगळी जागा मिळाली ती 2014-15 मध्ये: चार प्रवासी, 40 किलो सामान, कमाल वेग ताशी 25. तोवर ही वाहने दिल्लीच्या रस्त्यांवर हजारोंनी धावत होती. आणि माथेरानला, जिथे मोटारवाहनांना बंदी आहे, तिथे माणूस माणसाला हाताने ओढतच होता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तिथे ई-रिक्षांच्या चाचणीस परवानगी दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. यंत्र फलटणला कधीच तयार झाले होते. उशीर झाला तो माणसाचे ओझे उतरवण्याचा निर्णय घ्यायला.

आमच्या उदगीरच्या बाजारपेठेत ताशी 25चा वेग गाठायला रस्ता मोकळा मिळत नाही. इथल्या छोट्या फेऱ्यांना एवढे वाहन पुरेसे आहे. तेव्हा चालकाला परवडेल असे बॅटरी बदलण्याचे कर्ज आणि रात्री चार्जिंगची सोय, एवढे दोन प्रश्न आपल्या नगरपालिकांनी आधी हाती घ्यावेत, असे मला वाटते.