‘एंटरप्राइज’ नावाचं छोटं जहाज: धंद्यात वजन किती घ्यायचं?



बाजारात एक चक्कर मारा. अमुक एंटरप्रायझेस, तमुक एंटरप्रायझेस, अशा पाट्या जागोजागी दिसतील. एंटरप्राइज म्हणजे हिमतीने हाती घेतलेलं काम. आज याच नावाच्या एका शिडाच्या लढाऊ जहाजाची गोष्ट सांगतो.

अमेरिका तेव्हा नवीन देश होता. त्यांचं नौदल खातं सुरू झालं १७९८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मेरीलँडमध्ये हे जहाज बांधलं गेलं. लांबी जेमतेम ८५ फूट. तोफा १२, त्याही सहा पौंडी गोळ्याच्या. मोठ्या युद्धनौकांसमोर अगदीच किरकोळ!

छोटं होतं, म्हणूनच कामाचं होतं

हे ‘स्कूनर’ जातीचं जहाज, म्हणजे चपळ. १८०१ मध्ये खर्च कमी करायला नौदलातली बहुतेक लहान जहाजं विकायला काढली, पण हे ठेवलं.

त्याच वर्षी १ ऑगस्टला ते भूमध्य समुद्रात माल्टाकडे निघालं होतं. काम काय? ताफ्यासाठी पाणी आणायचं! वाटेत त्रिपोलीचं १४ तोफांचं जहाज भेटलं. तीन तास लढाई झाली. शत्रूचे ३० ठार, ३० जखमी. एंटरप्राइजवर एकालाही इजा नाही. पण जहाज ताब्यात घ्यायचा हुकूम कप्तान स्टेरेटकडे नव्हता. त्याने शत्रूच्या तोफा समुद्रात टाकायला लावल्या, डोलकाठ्या तोडल्या आणि जहाज परत पाठवलं. जिंकल्यावरही माणूस आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहिला, हे लक्षात ठेवा.

मग वजन वाढलं

१८११ मध्ये या जहाजाचं ‘ब्रिग’ केलं. शिडं बदलली, तोफा १६ झाल्या. त्यातल्या १४ तोफा अठरा पौंडी गोळ्याच्या आणि २ नऊ पौंडी. हिशोब करा: सगळ्या तोफा एकदा डागल्या तर आधी ७२ पौंड लोखंड जायचं, आता २७० पौंड! ताकद वाढली, पण चपळाई गेली.

आता तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे वजन वाढवणं चूक? थांबा. ५ सप्टेंबर १८१३ ला याच तोफांनी ब्रिटिशांचं ‘बॉक्सर’ जहाज हरवलं. किंमतही मोठी होती. दोन्ही कप्तान त्या लढाईत गेले. पोर्टलँड गावात दोघांना शेजारी-शेजारी पुरलं आहे.

खरी परीक्षा पुढे झाली. फेब्रुवारी १८१४ मध्ये त्याच्याहून कितीतरी ताकदवान जहाज पाठीमागे लागलं. लढणं शक्य नव्हतं, पळायलाच हवं होतं, आणि अंगावर वजन होतं. तेव्हा बहुतेक तोफा समुद्रात फेकल्या. ज्या तोफांनी पाच महिन्यांपूर्वी विजय मिळवून दिला, त्याच! जहाज वाचलं, ९ मार्चला बंदराला लागलं, आणि पुढे १८२३ पर्यंत चाललं.

आपल्यासाठी यात काय आहे?

दुसरं मशीन, मोठा गाळा, चार जास्तीची माणसं, उधारीवर भरलेला माल... या सगळ्या आपल्या तोफा. सीझनमध्ये त्याच कमावून देतात. मंदी आली की त्यांचेच हप्ते आणि भाडं मागे ओढतं. ‘एवढे पैसे घातलेत, आता कसं सोडू?’ असं म्हणत आपण तोफा कवटाळून बसतो आणि अख्खा धंदा बुडवतो.

म्हणून आज एक काम करा. वहीत तीन रकाने आखा:

१. धंदा वाढवायला मी काय काय घेतलं?
२. विक्री निम्मी झाली, तर दर महिन्याला त्याचा खर्च किती?
३. वेळ आलीच, तर सगळ्यात आधी काय सोडायचं?

तिसरा रकाना शांत डोक्याने, आजच भरा. शत्रू पाठीमागे लागल्यावर यादी करायला वेळ मिळत नाही.

तोफा पुन्हा घेता येतात मित्रांनो, जहाज तरंगत राहिलं पाहिजे. भेटूया पुढच्या भागात!