सफरचंदाची खरबरीत साल

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास हिमाचल प्रदेशातील आणि पुढे काश्मीरमधील सफरचंदे गोव्याच्या बाजारपेठांत दिसू लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक लाल, तुकतुकीत फळ उचलते. मात्र ज्याच्या सालीवर तपकिरी, खरबरीत डाग आहे ते किडके समजून बाजूस सारते. हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

सफरचंदाच्या अपित्वचेवर क्यूटिन आणि मेण यांचे एक पातळ आवरण असते. त्यास उपत्वचा म्हणतात. फळाची झळाळी ही या उपत्वचेचीच देणगी होय. पाकळ्या गळून गेल्यानंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात फळ झपाट्याने वाढते. वाढीचा हा वेग उपत्वचेस झेपला नाही, की तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा पडतात. तेथील अपित्वचा उघडी पडताच तिच्या खाली त्वक्षाकर नावाचा थर तयार होतो आणि तो बुचासारख्या पेशी निर्माण करू लागतो. या पेशींच्या भित्तींत सुबेरिन हा जलरोधक पदार्थ साठतो व त्या मृत होतात. वरची अपित्वचा झडून गेली, की हेच तपकिरी बूच दृष्टीस पडते. बटाट्याची साल याच जातीची असते. सारांश, हा डाग म्हणजे कुजणे नसून फळाने आपल्या जखमेवर घातलेले ठिगळ आहे.

भेगा पडण्याची कारणे अनेक आहेत. कोवळ्या फळावर दव अथवा पावसाचे पाणी दीर्घकाळ राहणे, हे त्यांतील प्रमुख कारण होय. फुलोऱ्याच्या वेळी पडलेले हिमतुषार, भुरी रोग आणि सालीवर वाढणारी काही यीस्ट यांचाही त्यात वाटा असतो. आपल्या कुळागरांत पोफळीच्या कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण फवारतात, तेच कोवळ्या सफरचंदावर पडल्यास त्यातील तांब्यामुळे साल खरबरीत होते. याशिवाय जातीचा गुणही महत्त्वाचा आहे. उपत्वचेच्या घडणीशी संबंधित एका जनुकाची क्रिया मंदावणे व साल खरबरीत होणे यांचा संबंध 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आला.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून 1916 साली बाजारात आलेली ‘गोल्डन डेलिशस’ ही जात या विकृतीस विशेष बळी पडते. उलट, इंग्लंडमधील ‘एग्रेमाँट रसेट’ या जातीचे जवळजवळ संपूर्ण फळ खरबरीत असते आणि तिच्या स्वादासाठी रसिक ते आवडीने घेतात. एके ठिकाणी जो दोष, तोच दुसरीकडे ओळखीची खूण ठरतो !

बागायतदाराला मात्र या डागाची किंमत मोजावी लागते. प्रतवारी करताना असे फळ खालच्या वर्गात जाते. एकदा बूच तयार झाल्यावर कोणत्याही उपायाने साल पूर्ववत होत नाही; म्हणून काळजी घ्यावयाची ती आरंभीच. छाटणी करून झाडात वारा व ऊन खेळते ठेवणे, त्या नाजूक काळात ताम्रयुक्त औषधे टाळणे आणि पाकळ्या गळताच सात ते दहा दिवसांच्या अंतराने जिबरेलिनच्या काही फवारण्या करणे, हे उपाय लाभदायक आढळले आहेत.

ग्राहकांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की केवळ खरबरीत सालीमुळे फळ खाण्यास अयोग्य ठरत नाही. मात्र अशा सालीतून पाण्याची वाफ लवकर निघून जाते व फळ सुरकुतते. यास्तव अशी फळे फार दिवस साठवून न ठेवता प्रथम खावीत. फळ मऊ पडले असेल अथवा त्यास कुजका वास येत असेल, तर ते अवश्य नाकारावे. परंतु घट्ट, रसदार फळ केवळ रूपावरून टाकून देणे म्हणजे डोंगरउतारावरील बागायतदाराच्या वर्षभराच्या श्रमांवर अन्याय करणे होय.