लिंगपरिवर्तन-चिकित्सा व कायद्याची भाषा

सन 2016 च्या सिंहस्थात किन्नर आखाडा उज्जयिनीस उतरला, तेव्हा दर्शनास लोटलेल्या लोकांत आमच्या माधवनगरचेही पुष्कळ होते. परंतु ज्या देहापुढे आपण मस्तक लववितो, त्याच्या चिकित्सेविषयी कायदा काय म्हणत आला, हे त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या मनात आले असेल.

प्रश्न शब्दांचा आहे, म्हणून तो साहित्यिकांचाही आहे. 1860 च्या दंडसंहितेने जबर दुखापतीचे प्रकार सांगितले, त्यांत पहिलाच प्रकार पुंस्त्वहरणाचा. रुग्णाच्या संमतीने, त्याच्या हितासाठी सद्भावाने केलेल्या कृत्यास त्याच संहितेत संरक्षण होते खरे. तथापि असा शब्द समोर असता शल्यवैद्याचा हात कचरावा, यात नवल ते काय? पुढे 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्वतःचे लिंग ठरविण्यास शस्त्रक्रियेची अट घालणे गैर होय. 2019 च्या कायद्याने मात्र ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ असा बदल नोंदविण्यासाठी शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला मागितला. आणि तीच शस्त्रक्रिया व संप्रेरक-चिकित्सा उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. एकच क्रिया कोठे अपराधाच्या छायेत, कोठे अनावश्यक, तर कोठे आवश्यक!

रुग्णावर याचा परिणाम कसा होतो, ते माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांच्या प्रकरणात दिसले. 2017 साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वैद्य तयार, रुग्ण तयार. अडले ते नोकरीच्या नियमांपाशी, कारण महिला म्हणून भरती झालेला शिपाई पुरुष झाल्यास काय करावे, याची तरतूदच नव्हती. रजा नाकारली गेली. उच्च न्यायालयाने त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखविली. अखेर शासनाने अनुमती दिली व 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ते ललित साळवे म्हणून सेवेत परतले. आमच्या मध्यप्रदेशात गृहविभागाने एका महिला शिपायास अशीच अनुमती दिली, ती डिसेंबर 2021 मध्ये.

खर्चाचा प्रश्न उरतोच. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने आयुष्मान योजनेखाली तृतीयपंथीयांसाठी वार्षिक 5 लक्ष रुपयांच्या विम्याचा करार केला. पण लाभ ठेविला तो ओळखप्रमाणपत्र असणाऱ्यांसच. शाळेच्या दाखल्यावरील एक वेलांटी सुधारावयास पालकांना किती हेलपाटे घालावे लागतात, हे आम्ही नित्य पाहतो. घराने टाकलेल्या, जुने कागद मागेच राहिलेल्या मुलाने हे प्रमाणपत्र मिळवावयाचे, ते त्यानंतर!