शाई ओली, हिशोब कच्चा

उधारी लिहून ठेवा, असा हुकूम कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. पण लिहिलेला आकडाच पसरला तर? गेल्या पावसाळ्यात माझ्या बिलावरचा मीटरचा आकडा असाच पसरला आणि जुन्या गिऱ्हाइकाशी वाद झाला.

फाउंटन पेनची शाई म्हणजे मुख्यतः पाणी व रंग. निबात सुकू नये म्हणून काही शायांत ग्लिसरीनसारखा ओल धरणारा पदार्थ घालतात. अशी शाई गुळगुळीत कागदात मुरत नाही, वरच राहते. जाड निब शाई जास्त सोडते. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही.

म्हणून व्यापारी बंधूंनी बारीक निब वापरावे, टीपकागद लावावा आणि रक्कम अक्षरीही लिहावी. हिशोब ही अमानत आहे.