बातमीची शहानिशा कोणी करावी?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, पाच निरपराध माणसांना जमावाने बेदम मारहाण करून ठार केले. ही माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची होती आणि भिक्षा मागत मंगळवेढ्याकडून इतक्या दूर आली होती. मुले पळविणाऱ्या टोळीतील ती असावीत असा संशय कोणीतरी घेतला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्याच दिवशी मालेगावात एका कुटुंबावर असाच प्रसंग ओढवला होता. पोलीस मध्ये पडले म्हणूनच ते वाचले.

त्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक भागांत व्हॉट्सॲपवरून एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघेजण रस्त्यावरच्या लहान मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. ती पाकिस्तानातील कराची शहरातली होती आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी एका सेवाभावी संस्थेने मुद्दाम तयार केलेली ती जाहिरात होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस तेच मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवितात. भारतात फिरलेल्या प्रतीतून नेमका हा शेवट कापून टाकलेला होता. मुलांच्या प्रेतांच्या रांगा दाखविणारी जी छायाचित्रे अवयव चोरणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून पाठविली जात होती, ती सीरियातील घौटा येथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील बळींची होती.

यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, कराचीच्या चित्रफितीचे खरे मूळ राईनपाड्याच्या घटनेपूर्वीच उघड झालेले होते. पत्रकारांनी ते शोधून काढले होते व प्रसिद्धही केले होते. परंतु जे मोठ्या शहरांत, मुख्यतः इंग्रजीत आणि संगणकाच्या पडद्यावर सिद्ध झाले, ते साक्रीच्या बाजारापर्यंत पोहोचले नाही. अफवा मात्र बिनदिक्कत पोहोचली. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती अशी मर्यादा घातली की, एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता यावा. बैल गेला आणि झोपा केला, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

तेव्हा शहानिशा करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि ती कोणी करावयाची, हे दोन प्रश्न वृत्तपत्रांना टाळता येण्यासारखे नाहीत. पहिल्याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. या कामाची रीत आता जगभर बरीचशी स्थिर झाली आहे. हाती आलेले छायाचित्र मूळ आहे की कोणाच्या तरी प्रतीची प्रत, ते प्रथम कोणी टिपले, केव्हा टिपले, कोठे टिपले आणि ते पसरविण्यामागे हेतू काय, या पाच प्रश्नांभोवती ती फिरते. शोधयंत्राला शब्दांऐवजी चित्रच दिले की तेच चित्र यापूर्वी कोठे कोठे प्रसिद्ध झाले होते याचा माग लागतो. चित्रफीत असेल तर तिच्यातील निरनिराळे क्षण स्थिर करून प्रत्येकाचा असाच शोध घेतात. आजची म्हणून आलेली दंगल पाच वर्षांपूर्वीची आणि दुसऱ्याच देशातील निघते, ती बहुधा याच पहिल्या पायरीवर.

ही पायरी निष्फळ ठरली की खऱ्या कष्टांना आरंभ होतो. दुकानांच्या पाट्यांची भाषा, वाहनांचे क्रमांक, विजेच्या खांबांची ठेवण, मागे दिसणारी डोंगराची रेघ, यांवरून जागा ठरवावयाची आणि ती उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहावयाची. सावलीची दिशा आणि लांबी यांवरून वेळेचा अंदाज बांधावयाचा. छायाचित्राबरोबर त्याची तारीख व इतर माहिती यंत्राने नोंदलेली असते खरी. पण व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून जाताना तिच्यातील बराचसा भाग गळून पडतो. म्हणून शेवटी ज्याने ते टिपले त्या माणसाशी बोलावे लागते. त्याला गाठणे, त्याने घेतलेली इतर छायाचित्रे मागणे आणि त्याच्या सांगण्यात मेळ आहे की नाही हे पाहणे, हे काम कोणतेही यंत्र करीत नाही.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांच्या कसोटीवर त्यांनी बखरी घासून पाहिल्या आणि त्यांतील प्रमाद दाखवून दिले. जुन्या पत्रांवर पुष्कळदा तिथी असे, पण वर्ष नसे. मग पत्रातील मजकूर, त्यात आलेली माणसे आणि इतरत्र नोंदलेल्या घटना यांचा मेळ घालून संशोधक वर्ष निश्चित करीत. अस्सल आणि नक्कल यांतला भेद, समकालीन साक्षीचे मोल आणि लिहिणाऱ्याच्या हेतूचा विचार हे सारे त्या परंपरेने मराठी माणसाला शिकविले आहे. फरक असलाच तर वेळेचा आहे. इतिहाससंशोधकाला त्यासाठी वर्षे मिळत; वृत्तपत्राच्या रात्रपाळीवरील उपसंपादकाला एखादा तासही मिळत नाही.

तथापि शहानिशा म्हणजे खोट्याचे बिंग फोडणे, एवढाच तिचा अर्थ अलीकडे रूढ होत चालला आहे, तो अपुरा आहे. खऱ्या घटनेला खरी म्हणून उभी करणे हे तिचे दुसरे आणि अधिक मोलाचे काम आहे. आफ्रिकेतील कॅमेरून या देशातील एका प्रकरणावरून हे स्पष्ट होईल. जुलै २०१८ मध्येच, म्हणजे महाराष्ट्रात राईनपाडा घडले त्याच महिन्यात, तेथील एक भयंकर चित्रफीत जगासमोर आली. सैनिकी वेषातील काही माणसे दोन स्त्रिया आणि दोन बालके यांना एका मातीच्या रस्त्याने नेतात आणि गोळ्या घालून ठार करतात, असे तिच्यात दिसत होते. कॅमेरूनच्या सरकारी प्रवक्त्याने ही बातमी खोटी असल्याचे जाहीर करून टाकले. सैनिकांचा गणवेष आणि त्यांची शस्त्रे त्या भागातील सैन्याची नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता.

बी.बी.सी.च्या आफ्रिकेतील शोधपत्रकारांनी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या स्वतंत्र अभ्यासकांनी हा नकार प्रमाण मानला नाही, तसाच आरोपही डोळे मिटून स्वीकारला नाही. चित्रफितीच्या प्रारंभी काही क्षण मागे डोंगररांग दिसत होती. तिची रेघ उपग्रहाच्या साह्याने जुळवीत ते नायजेरियाच्या सरहद्दीजवळील झेलेवेत नावाच्या गावापर्यंत पोहोचले. चित्रफितीतील एक इमारत जुन्या उपग्रहचित्रांत कोणत्या महिन्यापर्यंत दिसते आणि पायवाटा कोणत्या ऋतूत उमटतात, हे त्यांनी पाहिले. चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला. त्यावरून ही हत्या २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या कालावधीत झाली, असा निष्कर्ष निघाला. तशीच बंदूक आणि तसाच गणवेष त्या भागातील सैनिकांजवळ असल्याचे पुरावेही मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याआधी ऑगस्टमध्येच सरकारला आपला पवित्रा बदलून सात सैनिकांना अटक केल्याचे सांगावे लागले होते. सप्टेंबर २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांतील चौघांना दहा वर्षांची आणि एकाला दोन वर्षांची शिक्षा दिली. दोघे निर्दोष सुटले.

या प्रकरणाचा धडा असा की, ‘हे खोटे आहे’ हे विधानदेखील पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही. खोट्या बातम्यांचा सुळसुळाट झाला की त्याचा सर्वांत मोठा लाभ सत्य दडपू पाहणाऱ्याला मिळतो. गैरसोयीच्या प्रत्येक छायाचित्रावर बनावटीचा शिक्का मारून तो मोकळा होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने हुबेहूब आवाज आणि चेहरा तयार करता येऊ लागल्यापासून हा मार्ग आणखीच सोपा झाला आहे. अशी बनावट ओळखणारी साधने आहेत. पण ती शक्यता सांगतात, निर्णय देत नाहीत. त्यामुळे जागा, वेळ, साक्षीदार आणि हेतू हे जुने प्रश्न मागे पडण्याऐवजी उलट अधिकच महत्त्वाचे झाले आहेत.

हे प्रश्न विचारण्याची शिस्त ऐन कसोटीच्या वेळी कशी गळून पडते, याचा अनुभव मे २०२५ मध्ये भारताने घेतला. पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याची बातमी अनेक दूरचित्रवाणी वाहिन्यांनी रात्रभर दिली. कराचीचा विध्वंस म्हणून समाजमाध्यमांवर फिरलेल्या एका चित्रफितीतील दृश्य वस्तुतः त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेल्या विमान अपघाताचे होते. संगणकावरील युद्धाच्या खेळातील दृश्येही खरी लढाई म्हणून पसरली. कराचीवर हल्ला करण्याची आपली पूर्ण सिद्धता होती, असे नौदलाच्या अधिकाऱ्यांनी ११ मे रोजी सांगितले, तेव्हा तो हल्ला झालेला नव्हता हे ओघानेच सिद्ध झाले. देशप्रेम हे शहानिशा न करण्याचे निमित्त होऊ शकत नाही. शत्रूच्या खोट्याची चिरफाड करावयाची आणि आपल्या बाजूचे खोटे मात्र उत्साहाने छापावयाचे, याला पत्रकारिता म्हणता येत नाही.

मग हे काम सरकारनेच का करू नये, असा सवाल पुष्कळ जण प्रामाणिकपणे विचारतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत दुरुस्ती करून तशी योजना आखलीही होती. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, आणि तो मजकूर तसाच राहू देणाऱ्या माध्यमाने आपले कायदेशीर संरक्षण गमावण्याचा धोका पत्करावा, असे त्या दुरुस्तीचे स्वरूप होते. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान देण्यात आले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ही तरतूद घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. आपल्याच कारभाराविषयीच्या बातमीचा न्यायनिवाडा सरकारने स्वतःच करावा, हे न्यायाच्या साध्या कल्पनेतही बसणारे नाही. सरकारला आपली बाजू मांडण्याचा, कागदपत्रे पुढे ठेवण्याचा आणि चूक दाखविण्याचा पूर्ण अधिकार आहे. पुरावा तपासण्याचे काम मात्र त्याच्या हाती एकवटू नये. कॅमेरूनमध्ये ते तसे एकवटले असते तर त्या दोन स्त्रिया आणि दोन बालके यांचा मृत्यू कधी घडलाच नाही, असे ठरले असते.

म्हणजे ही जबाबदारी फिरून वृत्तपत्रांवरच येते, आणि मराठी वृत्तपत्रांवर ती अधिक येते. अफवा मराठीत, अहिराणीत, स्थानिक बोलीत पसरते. तिचे खंडन मात्र इंग्रजीत होते. तालुक्याच्या वार्ताहराला अशा कामाचे शिक्षण मिळत नाही, आणि बातमी उशिरा दिल्याबद्दल त्याला जितके बोल ऐकावे लागतात तितके ती चुकीची दिल्याबद्दल क्वचितच ऐकावे लागतात. हा क्रम उलटला पाहिजे. वास्तविक अनेकदा उपग्रहाची गरजही नसते. पोलीस पाटलाला, तलाठ्याला किंवा गावच्या शाळेतील शिक्षकाला एक दूरध्वनी केला तरी अर्धी शहानिशा होऊन जाते. जे कळले नाही ते कळले नाही असे छापण्यात कमीपणा नाही. चूक झाली तर तिची दुरुस्ती बातमीइतक्याच ठळकपणे द्यावी, कोपऱ्यात दडवू नये. आणि निष्कर्षाबरोबर तो कसा काढला हेही वाचकाला दाखवावे. वृत्तपत्राने सांगितले म्हणून खरे, हा काळ आता सरला आहे. जे वाचकाला स्वतः पडताळून पाहता येते त्यावरच त्याचा विश्वास बसतो.

अर्थात वाचकही यातून सुटत नाही. पूर्वी तो केवळ बातमी वाचीत असे. आता हातातील दूरध्वनीवरून तो ती दहा जणांना पाठवीतही असतो, म्हणजे एका परीने तोच प्रकाशक झाला आहे. प्रकाशकाचे कर्तव्यही त्यामुळे त्याच्याकडे आले आहे. ‘कशावरून?’ हा एक प्रश्न शिक्षकाने वर्गात, कारकुनाने कचेरीत आणि विद्यार्थ्याने आपल्या मित्रमंडळीत विचारण्याची सवय लावून घेतली, तर पुष्कळ अफवा उंबरठ्याबाहेरच थांबतील. तोच प्रश्न त्याने आपल्या वृत्तपत्रालाही विचारावा, आणि त्याचे उत्तर वृत्तपत्राजवळ बातमी छापण्यापूर्वीच तयार असावे.